आवक, जावक आणि ताईची चप्पल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले तळ्याचे मालक, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे पाणी तपासणी विभागाचे आज संध्याकाळपर्यंतचे प्रमुख आणि माझे भावोजी, पहिल्या रांगेतून मला डोळ्यांनीच ‘आवर’ म्हणणारी माझी ताई, आणि चहाच्या टेबलाकडे एक डोळा ठेवून बसलेल्या सभाजनहो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मी शाळेत भूगोल शिकवतो. दोन शब्दांत आमची हजेरीसुद्धा होत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आधीच्या वक्त्यांनी भावोजींच्या शिस्तीचं कौतुक केलं. त्यात तिळमात्र खोटं नाही. ताईला पाहायला आले, तेव्हा त्यांनी आधी पाण्याचा पेला उजेडात धरून पाहिला आणि मग ताईकडे पाहिलं. आमची आई म्हणाली, मुलगा चौकस दिसतो. आईचे अंदाज अधूनमधून चुकायचे.

आता त्यांच्या मुख्य कर्तृत्वाकडे वळतो. आमच्या वस्तीच्या कडेला मालकांची खाजगी पाणथळ जमीन आहे. तिथे पूर्वी लव्हाळी होती, चिखल होता, बगळे होते, शोभा म्हणून नव्हती. मालकांना शोभेची फार आवड. त्यांनी अर्धी लव्हाळी उपटली, चिखल उपसून तळं केलं, बोटी सोडल्या, काठावर उपाहारगृह थाटलं. परवानगी देताना खात्याने एकच अट घातली, की दरमहा पाणी तपासायचं. पाणी तळ्यात शिरतं तिथली एक बाटली आणि बाहेर पडतं तिथली दुसरी. भावोजींनी जातीने उभं राहून दोन पाट्या रोवून घेतल्या, एक ‘आवक’ आणि एक ‘जावक’. कचेरीतला माणूस पाण्याकाठी गेला तरी कचेरी बरोबर नेतो.

पुढे मालकांच्या लक्षात आलं, की गाड्या उभ्या करायला जागाच नाही. मग त्या जागेसाठी त्यांनी तळ्यात येणारा ओढा वळवला आणि तळ्याच्या मागच्या अंगाने आत सोडला. जमीन सपाट. पाण्याने कोणाचीही परवानगी न घेता दिशा बदलली. आता ते जावकेच्या पाटीपाशी आत येतं, तळ्यातला गाळ आणि उपाहारगृहाचं खरकटं घेतं, आणि आवकेच्या पाटीखालून बाहेर पडून आमच्या विहिरीकडे येतं. पाट्या मात्र जागच्या जागी. सरकारी पाट्या त्या, हलतील कशा?

बाटल्या नियमाने भरल्या जात राहिल्या. आवकेची गढूळ, जावकेची निर्मळ. अहवालाने सांगितलं, हे तळं पाणी शुद्ध करतं. भावोजींना त्याबद्दल मानचिन्ह मिळालं, ते ताईला दर रविवारी पुसावं लागतं. इकडे आमच्या विहिरीला वास सुटला, मुलांची पोटं बिघडली. अर्ज केला, तर उत्तर आलं, की शुद्ध पाण्याची सवय नसली की सुरुवातीला असं होतं.

गेल्या महिन्यात मालकांनी ताई-भावोजींना बोटीतून फिरवलं. उतरताना ताईची चप्पल पाण्यात पडली. ती डुलत डुलत निघाली आणि थेट ‘आवक’ पाटीखालून पसार झाली.

ताई म्हणाली, “अहो, इथून तर पाणी बाहेर चाललंय.”

भावोजी म्हणाले, “पाटीवर काय लिहिलंय ते वाच.”

“पाटी वाचत बसू की चप्पल शोधू?”

चप्पल मला सापडली, विहिरीशेजारच्या नाल्यात. ती हातात घेऊन मी त्यांच्या कचेरीत गेलो. शिपाई दोन पावलं मागे सरकला; माझ्या हेतूबद्दल त्याचा गैरसमज झाला असावा. भावोजींनी मला बसवलं, चहा मागवला, नकाशा पाहिला, पुन्हा पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाले, “आता पाट्या बदलल्या तर मागचे सगळे अहवाल उलटे होतील रे. माझे थोडेच दिवस राहिलेत. नवा माणूस बघेल.”

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. कारण उरलेली लव्हाळी उपटायची परवानगी याच अहवालांच्या जोरावर भावोजींच्या टेबलावर आलेली आहे. ‘आज जाता जाता साहेब तेवढी एक सही करणार आहेत,’ असं मालकांनी मघाशी मोठ्या प्रेमाने सांगितलं. टाळ्याही पडल्या. थोडाफार गाळ अडवणारी ती लव्हाळी गेली, की आमच्या विहिरीची उरलीसुरली आशा गेली.

भावोजी, तुम्ही मनाने वाईट नाही. वाईट माणूस एक वेळ परवडतो, त्याच्यावर चार लोक लक्ष तरी ठेवतात. शिस्तीच्या माणसाला कोण तपासणार?

एक गोष्ट ताईने तुम्हाला सांगितलेली नाही. मला म्हणाली, तूच सांग, माझं ऐकायचे नाहीत. निवृत्तीनंतर राहायला तुम्ही आमच्या शेजारचं घर घेतलंत. घेताना खिडक्या पाहिल्यात, वारा पाहिलात, छप्पर ठोकून पाहिलंत. पाण्याचं विचारलं नाहीत. विचारायचं कशाला, अहवाल तुमचाच होता. त्या घराला नळ नाही. तिथे आमच्याच विहिरीचं पाणी भरावं लागतं. सामान परवा येतंय ना? स्वागत आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. कोणाचा मान राखताना माझा हात आखडला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. भावोजी, तुमच्याकडे मात्र आज माफी मागत नाही. कचेरी बंद व्हायला अजून वेळ आहे. सही करायची असेल तर जरूर करा, पण परवापासून ते पाणी ताईच पिणार आहे, तेव्हा आधी तिला विचारून करा.