कोरड्या धरणात गळ

(माजलगाव धरणाचं कोरडं पात्र. भेगाळलेल्या गाळात ट्रॅक्टरचा जुना टायर पडलेला. मच्छीमार संस्थेचे चेअरमन सुंदरराव, सचिव बिभीषण, आणि मयत सभासद हरिबाची बायको सारजाबाई.)

बिभीषण : असं एका हातानं न्हाई, वैनी. दोन हाताची गळाची काठी हाय ती. वरच्या हातानं ढकलायचं, खालच्यानं वढायचं. ताक घुसळल्यावाणी.

सारजाबाई : म्हस इकली तवापासून घुसळणं इसरले मी.

सुंदरराव : बोलू नका, टाका. दोरीच्या टोकाला गळावर बांधल्याली ती पिसाची माशी टायरात पडली, की हरिबाच्या जागी तुमचं नाव. न्हाई पडली, तर न्हाई.

सारजाबाई : जाळ्यावर घ्या की परीक्षा, चेअरमन. जाळं येतंय मला.

सुंदरराव : जाळ्याला पाणी लागतंय. नियमात लिव्हलंय, 'मासेमारीचं कसब दाखवणे'. पाण्यावाचून दाखवता येईल असं संस्थेकडं हे एकच सामान हाय. इलायतच्या पावण्यानं दिल्यालं.

बिभीषण : पावण्यानं बी पाण्यातच टाकून दावलं व्हतं, साहेब. दोरीला आधी पाणी धरतंय, मग ती उडती. कोरड्यात कशी उडंल?

सुंदरराव : धरणात पाणी न्हाई, ही काय संस्थेची चूक?

सारजाबाई : सरका. टाकते.

बिभीषण : आरारा. पायातच पडली.

सुंदरराव : बघितलं मी.

बिभीषण : वैनी, तुमच्या कळशीतलं जरासं वता की दोरीखाली. भुई वली झाली तर धरंल.

सारजाबाई : टँकरचं हाय ते. पोरीला प्यायला. नाव न्हाई लागलं तर दीर मला ऊसतोडीला न्हेणार हाय. म्हणतो, धरणाशी तुजं आता काय नातं? तरी बी वतणार न्हाई.

सुंदरराव : मग नापास लिव्ह, बिभीषण.

सारजाबाई : थांबा. आधी तुमी दावा टाकून. तुमी सभासद हायेत का न्हाई?

सुंदरराव : मी चेअरमन हाय.

बिभीषण : चेअरमन व्हायला बी आधी सभासद व्हावं लागतंय, साहेब.

सुंदरराव : आण हिकडं ती काठी. लई निवडणुका काढल्यात, काठीचं काय घेऊन बसलाय. हे असं मागं न्यायचं, आन्... आयायाया!

बिभीषण : काय झालं?

सुंदरराव : कान! कानात घुसला गळ! बघतो काय बे, वढ!

सारजाबाई : वढू नका! उलटा काटा असतोय त्याला, कानाची पाळी फाटंल. बसा खाली, चेअरमन. मान वाकडी करा. बिभीषणभाऊ, तुमच्या सायकलीची पक्कड आणा. ह्याला पुढंच जाऊ द्यावं लागतंय.

सुंदरराव : दुखंल का?

सारजाबाई : गप बसल्यावर कमी दुखतंय. आमच्या मालकांच्या बोटातून किती काढलेत. ते गप बसायचे.

सुंदरराव : बसतो.

सारजाबाई : आलं टोक भायेर. भाऊ, तोडा तेवढा काटा. हं. निघाला.

सुंदरराव : रगत?

सारजाबाई : टिपूसभर. गोचीड काढल्यावर ह्याच्याहून जास्त येतंय.

बिभीषण : साहेब, मग काय लिवू?

सुंदरराव : गळ काढणं कसबात बसतंय का?

बिभीषण : धरणाऱ्याला सोडवता बी आलं पायजे, असं आमचा बाप म्हणायचा.

सुंदरराव : पास लिव्ह. कुणाला सोडवलं ते लिवू नको.

सारजाबाई : लागलं नाव?

सुंदरराव : लागलं, बाई.

सारजाबाई : आता सभासदाला काम काय असतंय?

सुंदरराव : धरण भरंपर्यंत? काय न्हाई. हितं बसून वाट बघायची.

सारजाबाई : मग सरका जरा. बसू द्या मला.