एक हजार रुपयांचा राज्यमार्ग

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका, म्हाताऱ्या माउल्यांना खांबाला टेकू द्या. नामाचा गजर झाला, निरूपण झालं, आता आख्यान. पण आज पुराणातलं सांगणार नाही. आज मी रागात आहे, आणि देवापुढं राग लपवून काय करू?

आधी एक प्रश्न. माणूस मेला आणि मारणारा कुणीच नाही — असं होतं का? सांगा की! कुणाच्या हातात काठी नाही, मनात वैर नाही. प्रत्येकानं आपलं काम नियमानं केलं, सही केली, शिक्का मारला. तरी माणूस गेला. मग ते पाप कुणाच्या माथी? मृदंगबुवा, मान हलवू नका, उत्तर तुम्हालाही येत नाही. ऐका.

आंबेजवळा नावाचं गाव. तालुक्यापासून बारा किलोमीटर. मधे ओढा, ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून केलेला पूल. रस्ता जिल्हा परिषदेचा. खड्डे होते, धूळ होती, नाही कोण म्हणतो? पण दरवर्षी पाऊस सरला की परिषदेचे दोन टिपर मुरूम घेऊन यायचे, गावकरी फावडी घेऊन उतरायचे आणि गाडी चालायची.

गावचा सरपंच रंगनाथ मोराळे. माणूस वाईट नाही बरं का! पण शेजारच्या गावावरून राज्यमार्ग जातो, हे त्याच्या डोळ्यात सलायचं. आपला रस्ता का नाही? ग्रामसभेत ठराव केला, आमदारांच्या घरी अकरा खेपा घातल्या. दोन वर्षांनी मुंबईहून कागद आला — दर्जा वाढला! कालपर्यंत जिल्ह्याचा होता तो आता राज्यमार्ग. मैलाच्या दगडाला हिरवा रंग, नवा आकडा, मोठा फलक. रस्ता तोच, खड्डे तेच, नाव तेवढं मोठं.

सोहळा झाला. पेढे वाटले. आमदारांना फेटा बांधला. आणि फलकापुढं नारळ कुणी फोडला, विचारा ना... मी फोडला! याच हातानं. वर म्हणालो, हा मार्ग तुम्हाला पुढं नेईल. टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं.

आता कायदा ऐका. कीर्तनात कायदा कशाला, म्हणू नका. देवाच्या नियमानं पाऊस पडतो, पण पुलावरनं माणूस जातो तो सरकारच्या नियमानं! रस्ता राज्याचा झाला की जिल्हा परिषदेला त्यावर रुपया टाकता येत नाही. राज्यानं टाकायचा, तर विधानसभेनं मंजूर केलेल्या अंदाजपत्रकात त्या रस्त्यापुढं रक्कम पाहिजे. आंबेजवळ्याच्या रस्त्याचं नाव अंदाजपत्रकात होतं, बरं का! छापलेलं होतं. त्या पानाचा फोटो गावभर मोबाईलवर फिरला. नाव सगळ्यांनी वाचलं. पुढचा आकडा कुणी वाचला नाही.

किती असेल आकडा? एक कोटी? पन्नास लाख? अहो, एक हजार रुपये! बारा किलोमीटर रस्त्याला एक हजार! याला म्हणतात टोकन तरतूद. म्हणजे नाव आत घालून ठेवायचं, पैशाचं पुढं बघू. पंगतीत पान मांडायचं, कोपऱ्यात चिमूटभर मीठ वाढायचं आणि म्हणायचं, पाहुणे जेवले!

हसलात? हसून घ्या.

त्याच गावात लिंबाजी घुले राहायचा. पंचेचाळिशीचा सुतार. मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातनं दोनदा तालुक्याला डायलिसिस. मंगळवार आणि शुक्रवार, रज्जाकभाईची जीप सकाळी सातला दारात. बायको अनसूया शेजारी बसायची, मांडीवर डबा. एक वार चुकला तर अंग सुजायचं, दोन चुकले तर जीवावर बेतणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं.

भाद्रपदात ओढ्याला लोंढा आला आणि पूल गेला. नळ्या वाहून शेतात. मधे दहा हातांचं भगदाड. अनसूया जिल्हा परिषदेत गेली. तिथला बाबू म्हणाला, बाई, तुमचा रस्ता आता आमच्याकडं नाही, वर गेला. ती बांधकाम खात्यात गेली. तिथं म्हणाले, आला खरा आमच्याकडं, पण निधी नाही आला, हजार रुपयेच लिहिलेत, पुढच्या अंदाजपत्रकात बघू. पुढचं अंदाजपत्रक मार्चात! आणि शुक्रवार उद्या!

आता बाईनं काय करावं? आमदारांना फेटा बांधायला जावं?

तिनं पदर खोचला. रज्जाकभाई, लिंबाजीच्या हाताखालचे दोन सुतार, शेजारपाजारच्या बाया. दगड आणले, मुरूम आणला, मधे जुन्या नळ्या पुन्हा रचल्या. रात्रीपर्यंत भराव झाला. शुक्रवारी जीप निघाली. हळूहळू, डुलत, पण निघाली! तीन आठवडे त्या भरावावरनं सगळं गाव गेलं. शाळेची पोरं गेली, दूध गेलं, सरपंचही गेला.

आणि मग नोटीस आली. राज्यमार्गावर विनापरवाना भराव! महामार्गाचा कायदा. परिषदेचा रस्ता होता तेव्हा गावकरी फावडी घेऊन उतरले तर श्रमदान म्हणायचे. तेच आता गुन्हा! सात दिवसांत भराव काढा, नाहीतर आम्ही काढू. आणि आठव्या दिवशी काढला हो! जेसीबी आला. पूल बांधायला पैसा नाही, पण पूल मोडायला डिझेल होतं!

सोबत एक तरणा अभियंता होता. अनसूया त्याच्यापुढं उभी राहिली. तो वाईट वागला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याचे डोळे खाली होते. म्हणाला, "ताई, हा भराव खचला आणि जीप बुडाली तर मी तुरुंगात. माझ्या हातात कायदा दिलाय, पैसा दिलेला नाही."

ऐकलंत? कायदा हिरव्या दगडाबरोबर आला, त्याच दिवशी आला. पैसा आलाच नाही.

मंगळवारी चौघांनी लिंबाजीला बाजेवर घालून कमरेएवढ्या पाण्यातनं पलीकडं नेलं. शुक्रवारी पाणी छातीला लागलं, बाज परत आली. पुढच्या मंगळवारीही तेच. बुधवारी पहाटे लिंबाजी गेला. घरातच गेला. अनसूयेच्या हातात त्याचा सुजलेला हात होता.

तेराव्याला आमदार आले. मीही होतो, प्रवचनाला बोलावलेलं. आमदार म्हणाले, पुरवणी मागण्यांत बघतो. सरपंच रडत होता, खरा रडत होता. अनसूया समोर येऊन बसली. आवाज चढवला नाही. तिनं एवढंच विचारलं, "साहेब, ते हजार रुपये मंजूर झाले तेव्हा तुम्ही सभेत होतात का?"

साहेब म्हणाले, होतो. पण शेवटच्या दिवशी राहिलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात, चर्चेला वेळ नसतो.

"हात वर केला होता?"

"केला होता."

"न वाचता?"

साहेबांनी घड्याळात बघितलं. मला वाटलं, बरी जिरली! मनात सुखावलो मी. तोच ती माझ्याकडं वळली. म्हणाली, "महाराज, नारळ तुम्ही फोडलात. तुम्ही तरी वाचलं होतं का?"

मंडळी... तीस वर्षं बोलतोय मी. त्या दिवशी प्रवचन न करताच उठलो.

म्हणून राग आलाय. आमदाराचा आलाय, त्या बाबूचा आलाय, न वाचता हात वर करणाऱ्या सगळ्या सभेचा आलाय. पण सगळ्यात जास्त माझा मलाच आलाय. आणि खरं सांगू? तुमचाही आलाय! तुम्हीही पेढे खाता. नाव छापून आलं की नाचता. पुढचा आकडा वाचायला तुमच्या डोळ्यांना काय झालंय?

उद्या तुमच्या गावात सत्कार आहे, फलकापुढं नारळ मलाच फोडायचाय. तुमचा रस्ताही राज्यमार्ग झालाय म्हणे. संयोजकांनी मला चिठ्ठी दिलीय, शेवटी दोन शब्द चांगले बोला. बोलतो. या मंडपात अडीचशे माणसं आहेत. तुमच्या रस्त्यापुढं अंदाजपत्रकात किती रुपये लिहिलेत, हे ज्यानं वाचलंय त्यानं हात वर करावा.

...

बघा. पाटील, तुम्ही? गुरुजी, तुम्ही? एकही नाही.

मग उद्या कुणी आजारी पडलं, ओढ्याला पाणी आलं, बाज परत आली, तर विचारायला येऊ नका, मारलं कुणी म्हणून. आत्ता जे हात खाली आहेत ना, त्यांनीच मारलं. आरती करून घ्या. मी उद्या नारळ फोडायला थांबणार नाही.