सहा मीटर

मेकॅनिक : ...आणि ते नारिंगी आवरण दिसतंय ना, त्याला बोट लावू नका, अण्णा. बॅटरीपासून मोटरपर्यंत जाणाऱ्या तारा आहेत त्या. एका झटक्यात माणूस आडवा होतो.

अण्णा : नाही लावत. मात्र मघाशी आपण जे समजावलंत, ते पुन्हा एकवार सावकाश सांगा. या वयात विद्यार्थी झालो आहे. गुरूला त्रास व्हायचाच.

मेकॅनिक : त्रास कसला! हायब्रिड म्हणजे एका बॉनेटखाली दोन बिऱ्हाडं. एक पेट्रोलचं इंजिन, एक विजेची मोटर. गाडी हळू चालली की मोटर एकटी ओढते, आवाज नाही. जोर लागला की इंजिन मदतीला येतं. ब्रेक मारला की वाया जाणारा वेग मोटर परत बॅटरीत भरते. कोणी कधी राबायचं, ते संगणक ठरवतो. चालवणाऱ्याला विचारतसुद्धा नाही.

अण्णा : समंजस संसार म्हणायचा. आमच्या घरी तो उरला नाही, म्हणूनच आलो. तासाभरात आमचे चिरंजीव आपला अहवाल न्यायला येतील आणि उद्या तो वकिलाच्या हाती देतील.

मेकॅनिक : ते मला फोनवर एवढंच म्हणाले, गाडी कोणामुळे सुरू राहिली ते लिहून हवंय.

अण्णा : त्याचं म्हणणं, सूनबाईंनी गाडी सुरू ठेवली, घरच्या गॅरेजातला धूर आतल्या जिन्यानं वर चढला, आणि वरच्या खोलीत दुपारी निजलेली माझी पत्नी उठली नाही. या कारणावरून तो घटस्फोट मागणार आहे. सूनबाई दीड महिना माहेरी आहेत. मला त्याच्याआधी जाणून घ्यायचं आहे, हे खरं आहे का?

मेकॅनिक : त्या स्वतः काय म्हणतात?

अण्णा : आधी म्हणाल्या, बंद केली होती. मुलगा अंगावर धावून गेला, तेव्हा म्हणाल्या, ‘विसरले असेन.’ त्यानंतर एक अक्षर नाही.

मेकॅनिक : मग ऐका. बाई विसरल्या नव्हत्या. संगणकात नोंद आहे. बारा वाजून अडतीस मिनिटं, गाडी थांबली, बटण दाबून रीतसर बंद.

अण्णा : आपले उपकार झाले. हेच लिहून द्या.

मेकॅनिक : नोंद तिथं संपत नाही. एक चाळीसला गाडी पुन्हा सुरू झाली. सहा मीटर पुढे गेली. मग जागेवर उभी, पण पाच वाजेपर्यंत सुरूच. हे सहा मीटर गाडी कोणी चालवली?

अण्णा : मी. परंतु त्याचा इथे काय संबंध? मी इंजिन सुरू केलंच नव्हतं.

मेकॅनिक : म्हणजे नेमकं काय केलंत?

अण्णा : सूनबाई जेवून मैत्रिणीबरोबर कचेरीत परत गेल्या. गाडी दाराबाहेर उन्हात तापत होती. मी खुंटीवरची किल्ली खिशात घातली, बटण दाबलं. दिवे लागले, आवाज काही नाही. पाण्यावरून होडी सरकावी तशी ती आत गेली. मी उतरलो, शटर ओढलं, किल्ली खुंटीला लावली आणि वाचनालयात गेलो. पुढे चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘आपण इंजिन सुरू केलं होतं का?’ मी म्हणालो, नाही. चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. विचारलेल्या प्रश्नाचं तेवढंच उत्तर द्यायची सवय आहे.

मेकॅनिक : उतरताना बटण परत दाबलंत?

अण्णा : जे सुरूच झालं नाही, ते बंद काय करायचं?

मेकॅनिक : उतरल्यावर गाडी वाजली असेल.

अण्णा : वाजली. तीन वेळा. मला वाटलं, कुलूप लागल्याची पोच देते आहे.

मेकॅनिक : ओरडत होती ती, अण्णा. किल्ली बाहेर चालली आणि मी अजून सुरू आहे, म्हणून.

अण्णा : म्हणजे गाडी सुरूच ठेवून मी निघून गेलो.

मेकॅनिक : बसा. या स्टुलावर बसा. पाणी आणतो.

अण्णा : पाणी नको. पुढचं सांगा.

मेकॅनिक : कशाला?

अण्णा : सांगा.

मेकॅनिक : आत गार वारा येत होता का?

अण्णा : येत होता.

मेकॅनिक : एसी. तो बॅटरी खात राहिला. बॅटरी उतरली की संगणकानं इंजिन लावलं. भरली की बंद केलं. पुन्हा उतरली, पुन्हा लावलं. एकवीस वेळा. शटर खाली, खिडकी नाही. धुरातल्या त्या विषारी वायूला ना रंग, ना वास.

अण्णा : तिला कळलं असेल?

मेकॅनिक : डॉक्टर काय म्हणाले?

अण्णा : झोपेतच गेली म्हणाले. पण ते माझे विद्यार्थी आहेत. माझ्यासमोर दुसरं काय बोलतील?

मेकॅनिक : मला गाडीपलीकडचं कळत नाही, अण्णा. कळत असतं तरी आज सांगितलं नसतं. एक करू का? बारा अडतीसपर्यंतचंच लिहितो. बाई सुटतील. पुढचं यंत्राच्या बिघाडावर ढकलू.

अण्णा : बिघाड आहे?

मेकॅनिक : नाही. गाडी खणखणीत आहे.

अण्णा : मग राहू द्या. निर्दोषाच्या माथी दोष मारण्याचं काम आमच्या घरात दीड महिना चाललं आहे. त्यात यंत्राची भर नको. कागद इकडे द्या. खालच्या ओळी मी लिहितो.

मेकॅनिक : कागदाला ग्रीस लागलंय, अण्णा.

अण्णा : वाचता आलं म्हणजे पुरे.

(अण्णा लिहून सही करतात. मग फोन लावतात.)

सूनबाई : बाबा? बरे आहात ना?

अण्णा : बरा आहे. सूनबाई, त्या दुपारी तू गाडी कुठे लावली होतीस?

सूनबाई : आता कशाला ते?

अण्णा : कुठे?

सूनबाई : बाहेर.

अण्णा : आणि संध्याकाळी परत आलीस, तेव्हा ती आत होती. घरात आम्ही दोघंच. म्हणजे पहिल्या दिवसापासून तुला ठाऊक होतं.

सूनबाई : ...हो.

अण्णा : तरी ‘विसरले असेन’ म्हणालीस?

सूनबाई : तुम्ही आईंच्या उशाशी बसून त्यांची चादर सारखी करत होता. तेव्हा जीभ रेटली नाही. मग दोन दिवस गेले, तेरा गेले, आणि बोलायला जागाच उरली नाही.

अण्णा : तुझा संसार मोडत होता, मुली.

सूनबाई : मला माहेर होतं. तुम्ही कुठे गेला असता?

अण्णा : मी सगळं लिहून दिलं आहे. तो आता इथेच येईल. त्याला मीच सांगणार.

सूनबाई : एकट्यानं नको. कोणत्या गॅरेजात आहात?

अण्णा : तू येऊ नकोस. तो काय बोलेल, याचा भरवसा नाही.

सूनबाई : मला सवय झाली आहे, बाबा. पत्ता सांगा.