विश्वकर्मा पूजेच्या दिवशी बंद पडलेले सर्व्हर

एका सर्व्हरच्या पोटात दहा सर्व्हर चालवाचं कोणतं सॉफ्टवेअर टिकाऊ, हे मले नका विचारू भाऊ. आमच्या बाबांले विचारा.

दुर्गच्या एका कोचिंगवाल्या सरांच्या होस्टिंगचं काम मले मिळून राहिलं होतं. सरांची अट एकच, "जे मधात बंद पडणार नाही, तेच घेऊ." म्हणून सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरमधी मी टेस्टसाठी दोन सर्व्हर मशिनी लावल्या; सरांले त्या चालू-बंद ऑनलाइन दिसत. एकीवर फुकटचं सॉफ्टवेअर, दुसरीवर विकतचं. महिना भरत आला तरी एकही अटकली नाही. अन् एका दुपारी बाजारात होतो, तं सरांचा फोन. "अरे, दोन्ही कावून बंद आहे?"

स्कूटर पळवत घरी आलो. पाहतो तं दोन्ही मशिनींले कुंकू, झेंडूचे हार, समोर नारळ. विश्वकर्मा पूजा होती ना! बाबांनी प्लगच काढून ठेवले होते.

मी भडकलो. "बाबा, हे काय केलं? सगळी टेस्ट बुडाली ना!"

बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. हळूच म्हणाले, "आज मशिनीले आराम देतात रे. माझी सारी नोकरी भट्टीवर गेली. भट्टी काही बंद करता येत नाही. पूजेच्या दिवशीबी तिले सुट्टी नव्हती, मलेबी नव्हती. म्हटलं, तुझ्या मशिनीले तरी भेटू दे."

प्लगकडे गेलेला हात मी मागं घेतला अन् सरांले फोन लावला.

"सर, बंद नाही पडल्या. सुट्टीवर आहे. उद्या फर्स्ट शिफ्टले येतील."