भागोजीच्या खिंडीतली वाट

देवाचं नाव घ्या, मंडळी – पण तोंड उघडून! मागच्या खांबाला टेकलेल्यांनीसुद्धा! हां, असं.

आता मला सांगा, गावात मोठा कोण, हे मोजायचं कशानं? जमिनीनं? पागोट्यानं? सरपंच, मान हलवू नका, तुमचं नाव अजून घेतलेलं नाही!

ऐका तर. कोकणातलं एक गाव. वाड्या डोंगरभर विखुरलेल्या, फोन नाही, गाडीरस्ता नाही. जत्रेत मानाचा नारळ कुणाला, यावरून दरवर्षी डोकी फुटायची. गावचीच एक लेक, शालन, शहरात कॉलेजला होती. ती म्हणाली, "भांडता कशाला? मोजूया!"

देवळाच्या फरशीवर तिनं घरागणिक एक सुपारी मांडली. देवळात आलेल्या प्रत्येकाला विचारलं, "घरात अडचण आली, तर आधी कुणाकडे धावता?" तो नाव घेईल त्या सुपारीपर्यंत रांगोळीची रेघ! त्या गावच्या सरपंचाकडे रेघा गेल्या दोन – त्यातली एक मेव्हण्याची! आणि बाकीच्या? सगळ्या जाऊन मिळाल्या खिंडीतल्या एकट्या घराला. भागोजी मांडवकराच्या! तो तेवढा देवळात आला नव्हता.

कुणाची सून अडली, कुणाचं छप्पर उडालं, की भागोजी वाड्यावाड्यांतून माणसं गोळा करायचा. नारळ त्याला मिळाला. गडी लाजून लाल! बायको येसू दारात ओवाळायला उभी. पोटी मूल नव्हतं, पण त्या दिवशी दोघांना वाटलं, सगळा गाव आपलाच आहे.

आणि मंडळी, त्याच उन्हाळ्यात येसूच्या पोटात कळ उठली. भर दुपारी! दवाखाना डोंगरापलीकडे. डोलीशिवाय नेता येत नाही, डोलीला चार खांदे लागतात. तिला टाकून भागोजी जाणार कसा? वाटेनं द्रुपदाकाकी गवताचा भारा घेऊन चालली होती. त्यानं हाक मारली, "काकी, वाड्यांवर सांग गो! डोली आणि चार माणसं पाठव!" म्हातारीनं भारा तिथंच टाकला आणि धावली. एक वाडी सोडली नाही तिनं!

वरच्या वाडीत ऐकलं. म्हणाले, "भागोजीच्या घरी? अगो, सगळा गाव लोटला असंल! आपण जाऊन गर्दीच करणार." खालच्या वाडीत म्हणाले, "त्याच्याकडे रेघा किती गेल्या, बघितल्या ना? आपण एक नसलो तर काय अडतंय?" डोली ज्यांच्याकडे होती, त्यांनी ती काढून ओटीवर ठेवली – न्यायला कुणीतरी येईलच!

इकडे भागोजीनं अंगणात पाण्याची घागर भरून ठेवली, गूळ फोडून ठेवला. येणारी माणसं उन्हातून येणार ना! पुन्हा पुन्हा बाहेर जायचा, वाटांकडे बघायचा. वाटा रिकाम्या.

"आली का हो माणसं?" येसूनं विचारलं.

"येतायत गो. डोली बांधतायत."

दिवस कलला. येसूला शुद्ध राहीना. मधेच डोळे उघडून म्हणाली, "माणसांना गूळ दिलात?"

"दिला गो," भागोजी म्हणाला.

आणि येसू गेली.

सकाळी गाव आला, मंडळी! अंगणात पाय ठेवायला जागा नाही! जो तो म्हणतो, "आम्हाला वाटलं, बाकीचे आले असतील." खांदे किती! तिरडीला हात लावायला चढाओढ!

शालन रडत म्हणाली, "काका, माझं मोजणंच चुकलं."

"नाय बाय," भागोजी म्हणाला. "माझ्याकडं किती येतात, ते बरोबर मोजलंस. मी कुणाकडं जायचं, ते कुणी विचारलंच नाय. मी पन नाय."

बारावं झालं नाही, तोच खालच्या वाडीतून हाक आली, "भागोजी! पोराला पान लागलं रे!" साप चावला होता, मंडळी! भागोजी उठला. वहाणा चढवल्या आणि निघाला. मनात काय होतं? मला विचारू नका, मला सांगवणार नाही.

पण मी तुम्हाला विचारतो. मघापासून प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपल्या गावातला एक माणूस उभा आहे ना? अडलं की ज्याच्याकडे जाता, तोच! त्याच्या घरी, काही काम नसताना, शेवटचे कधी गेला होतात?