सुमनकाकूच्या वावरातलं गवत

तुमाले सांगून ठेवतो, चित्र काढाले कधी ओळखीच्या माणसाच्या वावरात बसू नका. मागच्या कार्तिकात मी आदिलाबादहून ऑइलच्या रंगांची पेटी घेऊन भीमपूरले, सुमनकाकूच्या बांधावर जाऊन बसलो. पऱ्हाटी कापसानं पांढरी फुटली होती. पण समोरच्या कोपऱ्यातलं वाळकं, तांबूस गवत उन्हात असं चमकून राह्यलं होतं, की मी त्याच्यावरच भाळलो. दिवसभर तेच रंगवलं, पऱ्हाटी उद्यावर ठेवली.

संध्याकाळी काकू चित्र पाहाले आली.

"हे काय होय रे?"

"गवत. त्याच्यानंच तर चित्र उठून दिसते, काकू."

"लावशीन कुठं हे?"

"माह्या दुकानात. गल्ल्याच्या मागं."

"म्हणजे सारं आदिलाबाद पाहीन?"

"पाहीन ना! अन् खाली तुमचं नावबी लिहीन, सुमनबाईचं वावर म्हणून," मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

काकूनं त्या कोपऱ्याकडं एकदा पाह्यलं अन् ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो, तर कोपरा साफ! गवताची एक काडी नाही, नुसती काळी माती. काकू बांधावर घाम पुसत बसली होती.

मी डोक्याले हात लावला. "काकू, काऊन काढलं हो गवत? माहं चित्र अर्धंच होतं!"

तिनं हातातलं खुरपं माह्यापुढं धरलं.

"माह्या वावरातलं मी काढलं. आता तुह्या चित्रातलं तू काढ."