चिमी पहिल्यांदा रागावली

हॅलो?... हां ताई, बोल... नाही, आम्ही आत्ताच घरात शिरलोय. चहा ठेवलाय... चिमी? मोरीत हात धुतेय, रंगाने कोपरापर्यंत बरबटलीय.

कोणी सांगितलं तुला?... यांनी? म्हणजे मी तिच्या चपला काढत होते तेवढ्यात फोन करून मोकळे! या माणसाच्या पोटात काही राहील तर शपथ.

अगं हो, ओरडली. खरं आहे... नाही, मारलं नाही कुणाला... ब्रश फेकला. एकच. तोही कोरडा.

ताई... ताई, ऐक ना. आधी ऐक, मग बोल हवं तेवढं.

शाळा नाही गं ती, स्टुडिओ आहे. खास मुलांचा वर्ग वगैरे काही नाही, आणि चाळिशीला आलेली चिमी काही मूलही नाही. पूर्वी तिथे गाड्या दुरुस्त व्हायच्या. पत्र्याची शेड, जमिनीवर तेलाचे डाग अजून आहेत. मधे लांब टेबलं. ज्याला काही करायचंय त्याने यावं, बसावं. चित्रकला रीतसर शिकून आलेलेही तिथेच आणि आपली चिमीही तिथेच. मूर्ती घडवणाऱ्या एक बाई चालवतात, त्या स्वतः व्हीलचेअरवर... हो. एकजण मातीकाम करते, तिला अजिबात दिसत नाही. आणि एक ड्रायव्हरकाका आहेत. जन्मभर बस चालवली, मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. आता डाव्या हाताने चित्रं काढतात.

चिमी ना? तेच तर सांगतेय... सुरुवातीला कित्येक दिवस काहीच नाही. नुसती बसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग ड्रायव्हरकाकांचा कागद सरकतो हे तिच्या लक्षात आलं. एक हात, कागद धरणार कशाने? ही उठून तो दाबून धरायची. तासन्‌तास. मी बाईंना म्हटलं, अहो, हिला काही येत नाही, उगाच जागा अडवते. तर म्हणाल्या, "येतंय की. इतका वेळ न कंटाळता कागद धरणारं दुसरं कोण आहे इथे?"

हो, हो... मग तिला चिंध्यांचं गाठोडं सापडलं. ब्रश पुसायच्या चिंध्या. गाठी मारायला लागली... गाठी गं! चिंधीला चिंधी. आई तिला बुटाची नाडी बांधायला शिकवायची, आठवतं? वर्षं गेली त्यात. तीच गाठ. आता भिंतभर झालंय. जाळं म्हण, पडदा म्हण, मला नाही सांगता येत. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, "अजून व्हायचंय."

अगं तिकडेच येतेय! आज पाहुणे येणार होते, स्टुडिओ बघायला. ड्रायव्हरकाकांनी सकाळी आवराआवर केली. तिचं ते काढून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. चांगल्या मनानेच. पण काही गाठी सुटल्या. आम्ही पोचलो तर भिंत रिकामी. चिमी दारातच थिजली. आणि मग जो आवाज निघाला तिचा... "माझं आहे ते! मला विचारलं का? विचारलं का मला?"

ताई, इतकं सलग बोलताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं.

मी? मी काय करणार... हात जोडले. माफ करा हो, तिला कळत नाही. आपोआप आलं तोंडातून. आपण तिला घेऊन कुठेही गेलो की आपलं पहिलं वाक्य तेच असतं ना... तुझंही... नाही गं, रडत नाहीये. नाक चोंदलंय.

तर बाई म्हणाल्या, "थांबा जरा. तिचं बोलून होऊ द्या."

रागाने नाही. साधं. आणि सगळे थांबले गं. ती मातीकामवाली चिखलाचे हात तसेच वर धरून उभी. चिमीचं बोलणं तुला माहितीये, अडखळते, परत पहिल्यापासून सुरू करते. कुणी मधे शब्द पुरवला नाही. आपण पुरवतो. ब्रश फेकला तेव्हाही कुणी हललं नाही.

मग ड्रायव्हरकाका पुढे आले. म्हणाले, "चुकलो मी. परत लावू या का?" मला नाही, तिला म्हणाले. तिने किती वेळ घेतला, बाई गं! मला वाटलं, आता भोकाड पसरणार. तर म्हणाली, "तुम्ही धरा. मी बांधते."

पाहुणे आले तेव्हा दोघं भिंतीकडे तोंड करून कामात. वळूनसुद्धा बघितलं नाही. मी एका स्टुलावर बसले होते आणि... मला काही कामच नव्हतं, ताई. कुणाची समजूत घालायची नव्हती.

हं... हं... माहितीये, चिमीला ठेवायची म्हणतेस ती संस्था चांगली आहे. तुझ्या घराजवळ आहे, बाग आहे, डॉक्टर असतात... अगं तू किती खटपट केलीस, मला दिसत नाही का?... उद्याच कळवायचंय?

ताई, पण चिमीला कुणी विचारलंय?... नाही, मीही नाही. आई गेल्यावर माझ्याकडे आणली तेव्हाही नाही. सामानासारखी उचलून आणली.

टोमणा नाही गं... तुझं खरं आहे, थकते मी. गुडघे बोलतात. उद्या मला काही झालं तर हिचं काय, या विचाराने मीही दचकते. फक्त आता याचं उत्तर तिला बाजूला बसवून शोधायला नको वाटतं.

काय?... तू विचारतेस? आत्ता?... थांब, बोलावते. चिमे! ताईचा फोन... ये ना. हात पूस आधी... ताई, हे बघ, ती गप्प झाली तर फोन कट झाला समजू नकोस. विचार करत असते. धीर धर... घे गं. असा नाही, उलटा. हां.

हॅलो?... चिमी आहे...

हं... हं...

बाग... बाग आवडते...

ताई, तिथे... ताई, तिथे... ड्रायव्हरकाका आहेत तिथे?

...

मग नको.

नाही रागावले... तू रडतेस?... नको ना रडू...

मला येता येत नाही, ताई. मला काम आहे... उद्या पण आहे... परवा पण...

तू ये. तू ये ना... हो. मी दाखवते...

बरं. ठेवते.